मदरबोर्ड पाहायला तीन माणसं आणि एक खडा

मोताळ्याच्या सहकार कॉलनीत कोणीही कोणतीच वस्तू एकट्याने विकत घेत नाही. साधी चप्पल घ्यायची झाली तरी दोन माणसं सोबत लागतात, एक पायाकडे पाहायला आणि एक दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायला. मागे एकाने परस्पर जाऊन मिक्सर आणला, तर कॉलनीतल्या बायका वर्षभर त्या घरची चटणी आधी हुंगून मग खात. अशा कॉलनीत हिंमतराव नारखेडे कॉम्प्युटर घेणार, आणि तोही तयार नव्हे तर सुटे भाग आणून जोडणार, ही बातमी फुटली तेव्हा रिकाम्या माणसांना ऐन हंगामात कापूस वेचायला बोलावल्यासारखं झालं.

कॉम्प्युटर हवा होता मयुरीला. हिंमतरावांची ही एकुलती एक पोरगी इमारतींचे नकाशे काढायला शिकली होती, आणि पुण्याच्या एका कंपनीने तिला काम देऊ केलं होतं. कंपनीचं म्हणणं साधं होतं. घरी दमदार कॉम्प्युटर असेल तर एक तारखेपासून मोताळ्यात बसून काम करा, नसेल तर पुण्याला या आणि आमच्या कॉम्प्युटरवर बसा. हिंमतरावांनी यातलं पहिलं अर्धं नीट ऐकलं. दुसरं अर्धं, पंचायत समितीच्या बांधकाम विभागात लिपिक म्हणून उभा जन्म काढलेल्या हिंमतरावांनी नको तो अर्ज घ्यावा तसं घेतलं, म्हणजे हातात घेतलं पण आवक नोंदवहीत चढवलं नाही.

पोरगी घरात राहते की पुण्याला जाते, हे आता एका पत्र्याच्या खोक्यावर येऊन ठेपलं होतं. हिंमतराव हे कोणाला बोलले नाहीत. ते बोलायचे फक्त पुढच्या सोयीबद्दल.

पुढची सोय हा नारखेड्यांच्या घरातला खरा कुळाचार. घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यासाठी गच्चीवर सळया सोडल्या होत्या. मजला काही चढला नाही, पण त्या सळयांवर राघूंच्या इतक्या पिढ्या नांदल्या, की आताच्या राघूंना ती आपली वडिलोपार्जित जागा वाटते. पॅन्ट शिवायची तर कंबरेत चार बोटं कापड जास्तीचं. पोट वाढलं तर सोय असावी. पोट वाढलं नाही, त्यामुळे हिंमतराव ऑफिसात उठता बसता पॅन्ट वर ओढताना दिसत, आणि नव्या साहेबांना वाटे की हा माणूस कामासाठी कंबर कसतोय.

मयुरीने एका संध्याकाळी बापाला कॉम्प्युटर समजावून सांगितला. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ती पाटी. तिच्या मधोमध एक चौकट असते, तिला सॉकेट म्हणतात, आणि त्या सॉकेटमध्ये प्रोसेसर बसतो, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. सॉकेट नव्या धर्तीचं असलं तर पुढे निघणारे मोठे प्रोसेसरही त्यात बसतील. जुन्या धर्तीचं असलं तर आज बाजारात आहे तेवढंच, त्यापुढे काही नाही.

हिंमतरावांचे डोळे लकाकले. म्हणजे हा तर पायाच झाला. आज एक लहानसा प्रोसेसर बसवायचा, चार वर्षांनी तो काढून मोठा, आणखी चार वर्षांनी त्याहून मोठा. बोटांवर ते मोजत राहिले, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे त्यांनी मयुरीला मनातल्या मनात मोताळ्यात आणखी चार वर्षं धरून ठेवलं.

"पप्पा, मले चार वर्सांनंतरचं नको. मले एक तारखेले पायजे," मयुरी म्हणाली.

समोरच्या घरात धम्मरत्न सर राहत. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत, त्यामुळे गिझरपासून ग्रहणापर्यंत कॉलनीतलं सगळं त्यांच्याकडे येई. त्यांचं मत पडलं, की जुन्या सॉकेटचा बोर्ड घ्यावा. स्वस्त पडतो, त्याचे प्रोसेसर कुठेही मिळतात, मयुरीचं काम आरामात होतं आणि उरलेल्या पैशात चांगला स्क्रीन येतो. सल्ला इतका सरळ होता की हिंमतरावांना तो अपमानकारक वाटला. ज्या वस्तूला पुढे काहीच नाही अशी वस्तू नारखेड्यांच्या घरात आणायची, असं त्यांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

"पुढं नाही, पन आज हाये ना," सर म्हणाले.

हिंमतरावांनी हा मुद्दा विचारार्थ ठेवून घेतला. बांधकाम विभागात विचारार्थ ठेवलेले मुद्दे कुठे जातात ते तालुक्याला ठाऊक आहे.

दुसरा सल्ला शेजारच्या शंकररावांचा. शंकरराव हे बैलांचे जाणकार. उंद्रीच्या एका माणसाच्या बैलाचे दात पाहून त्यांनी एकदा बैलाचं वय सांगितलं, विकणाऱ्याचंही सांगितलं आणि विकणाऱ्याने बायकोला किती वर्षं कमी करून सांगितलं होतं तेही सांगितलं. त्या घरात पुढे बरेच दिवस चूल पेटली नाही म्हणतात. ट्रॅक्टर आल्यापासून शंकररावांची विद्या रिकामी पडली होती, म्हणून ते ती फ्रिज, कूलर आणि जावई पाहायला वापरत. मदरबोर्ड त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण पाहायला यायचं त्यांनी कबूल केलं. वस्तू कोणतीही असो, ती मागून पाहावी लागते, असा त्यांचा सिद्धांत होता.

गुरुपुष्यामृताचा दिवस धरून मलकापूरला जायचं ठरलं. मयुरीही तयार होऊन बाहेर आली, तेव्हा हिंमतरावांनी तिला घरीच थांबायला सांगितलं. पाहायला मोठी माणसं जातात, अशी रीत आहे.

हिंमतरावांच्या पत्नी रुख्मिणीबाई आतून म्हणाल्या, "पोरीसाठी घ्यायचा अन् पोरगीच घरी. अहो, तो बोर्ड काय पोहे घेऊन येनार हाये तुमच्यासमोर?"

हिंमतरावांनी घाईने पायात चप्पल घातली. मग लक्षात आलं की शंकरराव आणि धम्मरत्न सर धरून निघालेली माणसं तीन आहेत, आणि तिघांनी शुभकार्याला जाऊ नये. तेव्हा शंकररावांनी अंगणातला एक बरासा खडा उचलून चौथा माणूस म्हणून खिशात टाकला. गाडीत खड्याचं तिकीट पडत नव्हतं, आणि तो सल्लाही देत नव्हता, त्यामुळे एकंदरीत सरांना चौघांत तोच बरा वाटला असावा.

मलकापूरला देवानंदचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. देवानंद तिशीपस्तिशीचा, चष्मेवाला, सोसणारा माणूस. त्याने तिघांना बसवलं, चहा मागवला आणि दोन बोर्ड पुढे ठेवले, एक जुन्या सॉकेटचा, एक नव्या. शंकररावांनी दोन्ही बोर्ड खोक्यातून बाहेर काढवले, उलटे केले, मागून पाहिले, आणि कडेला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. देवानंदने डोळे मिटून घेतले. मग विचारपूस सुरू झाली. कंपनी कुठली, गाव कोणतं, ही घडण किती वर्षांपासून चालू, या जातीच्या बोर्डाबद्दल कोणाची तक्रार ऐकण्यात आहे काय. हिंमतरावांचा प्रश्न एकच होता आणि तो ते फिरून फिरून विचारत होते, की यात पुढचा प्रोसेसर बसेल ना, आणि त्याच्याही पुढचा?

"काकाजी, त्याच्या पुढचा अजून जल्मालेच आला नाही. मी काय सांगू?" देवानंद म्हणाला.

"मंग सोयरीक करतानी लोक काय नातवंडं पाहून करतात काय? अंदाज सांग बे," शंकरराव म्हणाले.

देवानंदने अंदाज सांगितला. बरीच वर्षं चालेल म्हणाला. झालं, नव्या सॉकेटचा बोर्ड पसंत पडला. त्याला रॅमही नवीन धर्तीची लागत होती, ती घ्यावी लागली. या दोघांनी मिळून बजेटला असं काही धुतलं, की प्रोसेसर घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत लहान, नुकता आलेला, एवढाच परवडण्यासारखा उरला. हिंमतरावांना त्याचं काही वाटलं नाही. पाया भक्कम असला की झोपडीतही राहता येतं.

इथे देवानंदने एक अडचण काढली. हा बोर्ड आधीच्या मालातला आहे आणि प्रोसेसर नंतर निघालेला आहे, त्यामुळे बोर्ड त्याला ओळखणार नाही. बोर्डाच्या पोटात एक ओळखपाळख भरलेली असते, ती नवी भरून द्यावी लागेल. त्यासाठी दुसऱ्याकडून हा बोर्ड ओळखतो असा एक आधीचा प्रोसेसर मागवतो, बोर्ड आजची रात्र दुकानात राहू द्या, उद्या सगळं जोडून चालू करून देतो.

मागणी वाजवी होती. धम्मरत्न सर ठेवा म्हणाले. पण गुरुपुष्यामृतावर घेतलेली वस्तू त्याच दिवशी घरात न नेता दुकानात मुक्कामाला ठेवायची, हे हिंमतरावांच्या गळी उतरेना. शंकरराव तर बाजारात रात्रभर ठेवलेला बैल सकाळी सोडवायला गेलं की शिंगं तीच आणि बैल दुसरा असतो, यावर अनुभवाचे बोल सांगू लागले. शेवटी असं ठरलं, की बोर्ड आज घरी न्यावा, पूजा करावी आणि उद्या परत आणून त्याला शहाणा करून न्यावा. देवानंदने एवढंच बजावलं, की खोक्याबाहेर फार काढू नका, आणि सॉकेटवर हे काळं झाकण आहे त्याला हात लावू नका, खाली केसाहून बारीक काड्या आहेत.

हे सगळं तिघांनी ऐकलं. खड्यानेही ऐकलं असेल. पण संध्याकाळी पूजा केली शालूबाईंनी, आणि त्या मलकापूरला गेल्या नव्हत्या.

शालूबाई म्हणजे शंकररावांच्या मंडळी. कॉलनीत नवी गाडी, नवा टीव्ही, नवी बोअर, कशाचीही पूजा त्यांच्या हातची. पाटावर लाल कापड, त्यावर मदरबोर्ड, शेजारी प्रोसेसरची डबी, ताटात हळद, कुंकू, अक्षता आणि नारळ. मयुरी आत शिरा ढवळत होती. बाहेर धम्मरत्न सर एका बाजूला खुर्चीवर बसले होते. पूजेत त्यांना भाग घ्यायचा नव्हता, पण विजेच्या वस्तूजवळ नारळ फुटताना पाहून त्यांच्याने राहवलं नाही. पाणी उडालं तर बोर्ड गेला, असं त्यांनी समजावलं. यावर बराच खल झाला. नारळ कुठे फोडावा, शिंतोडे किती लांब उडतात, ओलं खोबरं विजेला चालतं काय. अखेर सगळी मंडळी नारळ घेऊन मिरवत फाटकापाशी गेली, दगडावर नारळ फोडला, पाण्याचा थेंब घराच्या दिशेला उडाला नाही याची सरांनी स्वतः वाकून खात्री केली, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकून आत आले.

तेवढ्यात पाटापाशी मागे राहिलेल्या शालूबाईंनी आपलं काम उरकलं होतं. देवाचं तोंड झाकून पूजा कशी करायची, म्हणून त्यांनी ते काळं झाकण अलगद काढलं. आत चकचकीत चौकोन पाहून त्या खूश झाल्या. त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि वस्तू उघडी राहू नये म्हणून झाकण पुन्हा लावलं. बसेना, म्हणून अंगठ्याने जरासं दाबलं.

शिरा उत्तम झाला होता. सरांनी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी देवानंदने झाकण काढलं, आत पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग त्याने हिंमतरावांना भिंग दिलं. काड्यांच्या त्या इवल्या शेतात कुंकवाचा लाल पूर येऊन गेला होता, आणि मधोमध तांदळाचा एक अख्खा दाणा, कुठल्याशा ट्रकखाली आलेल्या उसासारख्या काड्या चिरडून, निवांत आडवा पडला होता.

"हे माह्याच्यानं नाही होनार काकाजी. अकोल्याच्या सेंटरले जाऊन पाहा. वॉरंटीत बसलं तर बसलं," देवानंद म्हणाला.

हिंमतराव घरी आले आणि त्यांनी जाहीर केलं, की बोर्डात मुळातच दोष निघाला. शालूबाईंनी हळहळ व्यक्त केली. एवढी साग्रसंगीत पूजा केली तरी असं व्हावं, म्हणजे कोणाची तरी दृष्टच लागली असेल, असं म्हणून त्यांनी बोर्डावरून मीठमोहरी ओवाळायची तयारी दाखवली. हिंमतरावांनी खोकं छातीशी धरून ती नाकारली. खरं काय झालं ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. रुख्मिणीबाईंनी माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात ठेवली.

"हे काऊन काढलं?" हिंमतरावांनी विचारलं.

"एक तारीख जवळ येऊन राह्यली. पोरीले लागंल," त्या म्हणाल्या.

उन्हात तोंड वासून पडलेली ती बॅग पाहिली आणि हिंमतरावांनी रजेचा अर्ज न टाकता अकोल्याची गाडी धरली. नोकरीत असं त्यांच्याकडून कधी घडलं नव्हतं.

अकोल्याच्या सेंटरमध्ये काउंटरवर एक मुलगी होती. तिचा स्वर इतका गोड आणि इतका निर्विकार होता, की हिंमतरावांना आपल्याच खात्यातल्या कोणासमोर उभं असल्यासारखं वाटलं. तिने बोर्ड पाहिला आणि आत लाल काय आहे ते विचारलं. हिंमतरावांनी धूळ सांगून पाहिलं. तिने धूळ लाल नसते म्हणून सांगितलं. मग त्यांनी खरं सांगितलं. तिच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाची कारणं ठरलेली होती, पाणी, आग, उंदीर, वीज पडणे. कुंकू त्यात नव्हतं. तिने 'इतर' घेतलं. त्यावर कॉम्प्युटरने पदार्थाचा प्रकार विचारला. तिने आत कोणाला तरी विचारलं. आतून निरोप आला, की फोटो पाठवा. फोटोत कुंकवाखाली हळद निघाली, तेव्हा पदार्थ दोन झाले आणि मागचं सगळं रद्द करून नव्याने भरावं लागलं. तांदळाच्या दाण्यासाठी तर साहेब स्वतः बाहेर आले, दाणा त्यांनी चिमट्याने धरला आणि उजेडात पाहिला.

"तुकडा तांदूळ नाहीये," साहेब म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाच ठाऊक.

"अक्षता हाये साहेब. अक्षतेले अख्खाच लागते," हिंमतराव अभिमानाने म्हणाले, आणि आपली केस त्यांनी स्वतःच्या हाताने पुरी केली.

निकाल लागला, की दोष वस्तूत नाही, वापरणाऱ्यात आहे. वॉरंटी लागू नाही. दुरुस्ती स्वखर्चाने करता येईल, पण काड्यांचं काम बाहेर पाठवावं लागतं आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. हिंमतरावांनी आयुष्यात असंख्य माणसांना हेच वाक्य, याच गोड स्वरात ऐकवलं होतं. परतीच्या गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसताना त्यांना त्या मुलीचा राग येईना. प्रकरण तिने चोख हाताळलं होतं. त्यांच्या हाताखाली असती तर गोपनीय अहवालात त्यांनी तिला 'अत्युत्कृष्ट' दिलं असतं. हे त्यांनी शेजारच्या प्रवाशालाही सांगितलं. तो बडनेऱ्यापासून झोपलेला होता.

मोताळ्याला उतरेपर्यंत त्यांनी पुण्याचा सगळा विचार करून टाकला होता. पोरीची खोली कुठे असेल, डबा कसा लागेल, आजारी पडली तर कोण पाहील. घराच्या फाटकापाशी आले तर उन्हातली बॅग दिसेना. भरून झाली असणार, असं समजून ते चपला न काढताच आत गेले.

आतल्या टेबलावर कॉम्प्युटर चालू होता.

खोकं साधंच, पत्र्याचं, एका बाजूने अजून उघडंच. आत पंखा फिरत होता. स्क्रीनवर रेघांची इमारत होती आणि मयुरी ती हाताने वळवल्यासारखी गोल फिरवून पाहत होती. शेजारी रुख्मिणीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. नवऱ्याने पाठ फिरवताच मायलेकी मलकापूरला जाऊन आल्या होत्या. नवी रॅम आणि तो लहान प्रोसेसर देवानंदने परत घेतले, वर थोडी भर घालून जुन्या सॉकेटचा बोर्ड, त्याचा प्रोसेसर आणि रॅम दिली, पत्र्याच्या खोक्यात जोडून स्क्रीनसकट चालू करून दाखवलं, आणि त्या गाडी पकडून घरी आल्या. खडा नेला नव्हता. दोघीच होत्या. पूजा केली काय, असं हिंमतरावांनी विचारलं नाही.

बिघडलेल्या बोर्डाचं खोकं खाली ठेवून ते खुर्चीत बसले. जरा वेळाने त्यांनी उघड्या बाजूने आत वाकून पाहिलं.

"किती चालंल हा?"

"दोन वर्सं. ओढून-तानून," मयुरी म्हणाली.

"मंग पुढचा प्रोसेसर?"

"याच्यात हाच शेवटचा बसते, पप्पा. याच्या पुढं नाही." तिने माउस सोडला आणि बापाकडे खुर्ची वळवली. "कंपनीलेही मी तेच सांगितलं. दोन वर्सं इथून करते. मंग मी पुन्याले जाईन. मले तिथं साइटवर उभं राहून शिकायचं हाये, घरून नाही होत ते."

रुख्मिणीबाई लसूण सोलत राहिल्या. त्यांना हे आधीपासून माहीत असावं, कारण त्यांनी वर पाहिलं नाही.

आठ-बारा वर्षांचा हिशेब करणाऱ्या माणसाच्या हातात दोन वर्षं ठेवली की ती आधी फार हलकी लागतात. मग हिंमतरावांनी टेबलावरचं, आज आणलेल्या बोर्डाचं रिकामं खोकं उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, आणि बारीक अक्षरात छापलेलं वाचलं.

"याच्यावर वॉरंटी तीन वर्सांची लिहिली हाये," ते म्हणाले.

"ते बोर्डाची हाये, पप्पा. माही नाही."

"हाव, बोर्डाचीच. मी कुठं नाही म्हन्तो?" त्यांनी खोकं होतं तसं जागेवर ठेवलं. "आपन सध्या तीन धरून चालू."

मयुरीने खुर्ची स्क्रीनकडे वळवली आणि इमारत पुन्हा फिरवायला घेतली. ती हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. पंचायत समितीत अशा गप्प राहण्याला तत्त्वतः मान्यता म्हणतात.